कोरियन प्रेममालिका सोळा भागांतच का संपते?

घरातली एक व्यक्ती रात्री उशिरापर्यंत कानात हेडफोन घालून कोरियन मालिका पाहत बसते आणि बाकीच्यांना त्यात एवढे काय आहे ते उमगत नाही, हे दृश्य आता मराठी घरांतही नवे राहिलेले नाही. टाळेबंदीच्या वर्षात, म्हणजे २०२० साली, भारतातील कोरियन मालिकांचे पाहणे आदल्या वर्षाच्या तुलनेत ३७० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे नेटफ्लिक्सने जाहीर केले होते, आणि त्यानंतर हिंदी डबिंगमुळे हा प्रेक्षकवर्ग पसरतच गेला. या ओढीची कारणे विचारली की दोन उत्तरे हमखास मिळतात: तिथली कुटुंबे आपल्यासारखीच आहेत आणि तिथले नायक देखणे आहेत. दोन्हींत तथ्य आहे, पण आपल्यासारखी कुटुंबे आणि देखणे नायक आपल्याही वाहिन्यांवर रोज दिसतात. या मालिका आवडीने पाहणारी एक प्रेक्षक म्हणून माझे मत असे आहे की त्यांतल्या प्रेमाचे वेगळेपण संस्कृतीत जितके आहे, त्याहून अधिक ते मालिका बनवण्याच्या पद्धतीत आहे. त्यांतले जे आवडते तेही तिथूनच येते आणि जे खटकते तेही.

आधी चौकट

दक्षिण कोरियात केबीएस, एमबीसी आणि एसबीएस या तीन जुन्या मोठ्या वाहिन्या आहेत, आणि टीव्हीएन व जेटीबीसी या केबलवरच्या वाहिन्यांनी गेल्या दशकभरात त्यांना चांगलेच मागे रेटले आहे. आपण पाहतो ती प्रेममालिका बहुधा आठवड्यातून दोन दिवस दाखवली जाते: सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार किंवा शनिवार-रविवार. एक भाग साधारण ६० ते ७० मिनिटांचा असतो आणि असे १६ भाग, म्हणजे आठ आठवडे. एकूण ऐवज सुमारे १८ तासांचा. नवव्या आठवड्यात त्या जागी दुसरी मालिका येणार हे आधीच ठरलेले असते.

तिथे रोज चालणाऱ्या, शंभरावर भागांच्या मालिकाही असतात. त्यांत सासूसुनांची भांडणे, हरवलेली मुले आणि स्मृतिभ्रंशही भरपूर असतात. त्या आपल्यापर्यंत फारशा पोहोचत नाहीत इतकेच. त्यामुळे ‘कोरियन मालिका दर्जेदार आणि आपल्या रटाळ’ ही तुलना मुळातच विषम आहे. आपली दैनंदिन मालिका म्हणजे मेसचा डबा आहे. तो रोज यावा लागतो, चव फार बदलून चालत नाही आणि तो कधी संपावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. सोळा भागांची मालिका ही मोजक्या पानांची पंगत आहे. मीठ वाढण्याआधीच शेवटी ताक द्यायचे की मठ्ठा हे ठरलेले असते.

शेवट ठरलेला असण्याचा प्रेमकथेवर होणारा परिणाम फार मोठा आहे. दैनंदिन मालिकेत नायक-नायिकेचे मीलन हा धोक्याचा प्रसंग असतो, कारण ते झाले की पुढे काय, हा प्रश्न उभा राहतो. मग गैरसमज, अपघात, परतलेली पूर्वपत्नी अशी साखळी सुरू होते. सोळा भागांच्या मालिकेत मीलन हे मुक्कामाचे ठिकाण असते, त्यामुळे तिथवरची वाट हळूहळू चालायला मोकळीक मिळते.

एका हातचे लिखाण

आपल्या मालिकांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांसाठी सहसा तीन वेगवेगळी नावे दिसतात. कोरियात संपूर्ण मालिका बहुतेक वेळा एकाच लेखकाची असते, आणि प्रेममालिकांच्या बाबतीत तो लेखक बहुधा लेखिका असते. पार्क जी-उन किंवा किम उन-सुक यांचे नाव जाहिरातीत नटांच्या बरोबरीने झळकते आणि प्रेक्षक ‘तिची नवी मालिका’ म्हणून वाट पाहतात.

याचा फायदा पाहायचा असेल तर पार्क जी-उन यांची ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ ही डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात टीव्हीएनवर आलेली मालिका घ्यावी. सोल शहरातील एक उद्योजिका, युन से-री, पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियाच्या हद्दीत पडते आणि री जोंग-ह्योक हा तिथला सैन्याधिकारी तिला लपवून ठेवतो. या दोघांची वाट पूर्वी स्वित्झर्लंडमध्ये नकळत एकमेकांना छेदून गेली होती, हे आपल्याला तुकड्यातुकड्यांनी कळते. इझेल्टवाल्ड गावातल्या तळ्याकाठी तो पियानो वाजवत असतो. आयुष्याला कंटाळलेली ती बोटीवरून जाताना ते सूर ऐकते, पण वाजवणारा कोण हे तिला ठाऊक नसते. हा धागा लेखिकेने आधी पेरला आहे, मध्ये उगवू दिला आहे आणि शेवटच्या भागासाठी राखूनही ठेवला आहे. टीआरपीचे आकडे पाहून दर आठवड्याला कथा वळवणाऱ्या व्यवस्थेत असे बी पेरून ठेवणे कोणाला परवडणार? त्या गावात पुढे पर्यटकांची इतकी रीघ लागली की तळ्यातल्या त्या लाकडी धक्क्यावर जाण्यासाठी २०२३ पासून ५ फ्रँक शुल्क लावावे लागले.

हात धरायला इतके भाग का लागतात?

ही तक्रार मी बहुतेक नव्या प्रेक्षकांकडून ऐकते, आणि तिचे उत्तर एका प्रसंगातून देणे सोपे आहे. उत्तर कोरियातल्या खेड्यात अडकलेली से-री आपल्या शहरी सवयीप्रमाणे शाम्पू, कंडिशनर, सुगंधी मेणबत्ती अशा वस्तूंची यादी जोंग-ह्योकपुढे ठेवते. जिथे वीज जाणे हा रोजचाच प्रकार आहे तिथे मेणबत्ती उजेडासाठी असते. तिला वास कशाला हवा, हे त्याला कळत नाही आणि तो साधी मेणबत्ती आणतो. पुढे, चौथ्या भागाच्या शेवटी, ती संध्याकाळच्या बाजारात वाट चुकते. अंधार पडतो, गर्दी अनोळखी असते, आपली बोली ऐकून कोणी ओळखेल ही भीतीही असते. तेवढ्यात गर्दीच्या वर उंच धरलेली एक पेटती मेणबत्ती तिला दिसते. ती धरून उभा असलेला जोंग-ह्योक, या वेळी तरी बरोबर वासाची आणली ना, अशी खात्री करून घेतो.

या प्रसंगात स्पर्श नाही आणि प्रेमाची कबुलीही नाही. पण तिचे बोलणे त्याने ऐकले होते, त्या वेळी कळले नव्हते तरी लक्षात ठेवले होते आणि नंतर कळून घेतले, एवढी माहिती त्या एका वस्तूतून पोहोचते. शब्दांत कबुली द्यायची नसली की अशा कृती शोधाव्या लागतात, आणि मालिकेतल्या प्रेमाला खरेपणा येतो तो त्यांतून. उत्तम लेखिकेच्या हातात हा उशीर असा भरलेला असतो. सामान्य लेखिकेच्या हातात त्याच जागी छत्रीखाली चालणे, पहिला बर्फ आणि दारू पिऊन झोपलेल्या नायिकेला पाठुंगळी घेणे हे ठरावीक साचे येतात, आणि तोच एक कटाक्ष तीन कोनांतून संथ गतीने दाखवला जातो. अशा वेळी मीही तो भाग पळवून पुढे जाते.

संयमाला व्यवहाराचेही एक कारण आहे. या मालिका मुळात दिवाणखान्यात घरच्यांबरोबर पाहण्यासाठी, बहुधा १५ वर्षांवरील प्रेक्षकांच्या वर्गवारीत बनतात. तेव्हा ‘तिथली संस्कृती सोवळी आहे’ असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. कोरियन चित्रपट पाहिले तर तो तासाभरात कोसळतो.

दुसऱ्या नायकाचे काय?

नायिकेवर मनापासून प्रेम करणारा, बहुधा नायकापेक्षा समजूतदार, पण तिला न मिळणारा असा एक पुरुष जवळपास प्रत्येक मालिकेत असतो. त्याला प्रेक्षक ‘सेकंड लीड’ म्हणतात. त्याचे काम दुहेरी असते: नायकाला मत्सराने जागे करणे आणि नायिकेला खरा पर्याय आहे असे भासवणे. ‘रिप्लाय १९८८’ या २०१५-१६ मधील मालिकेने तर नायिकेचा भावी नवरा कोण हेच कोडे वीस भाग टांगते ठेवले. शेवटी तो बुद्धिबळासारखा बादुक हा खेळ खेळणारा अबोल तेक निघाला, तेव्हा शेजारच्या जोंग-ह्वानच्या बाजूने असलेले प्रेक्षक दुखावले. तो वाद चाहत्यांत अजूनही मिटलेला नाही. मी तेकच्या बाजूची आहे, कारण जोंग-ह्वानने सांगण्याच्या संधी स्वतःच दवडल्या आणि मालिकेनेही ते लपवले नाही.

तेराव्या भागापासून कंटाळा का येतो?

चांगली चाललेली मालिका शेवटच्या चार भागांत ढेपाळते, हा अनुभव इतका सर्वसाधारण आहे की त्याला रचनेतलेच कारण असले पाहिजे. ते असे: प्रेमाची कबुली बहुधा मध्यावर येते, शेवट मात्र सोळाव्या भागात राखलेला असतो, आणि मधल्या जागेत ताण टिकवण्यासाठी दोघांना एकदा वेगळे करावे लागते. मग नायिकेच्या हितासाठी नायक न सांगता निघून जातो, किंवा श्रीमंत आई पैशांचे पाकीट टेबलावर सरकवते, किंवा वीस वर्षांपूर्वीच्या अपघातात एकाच्या वडिलांचा हात होता असे उघडकीस येते. स्वभावातून आलेली ताटातूट चटका लावते. वेळापत्रकातून आलेली ताटातूट लगेच ओळखू येते.

त्यात पूर्वी आणखी एक भर होती. अनेक मालिकांचे मोजकेच भाग आधी चित्रित होत आणि पुढचे काम प्रसारणाच्या बरोबरीने चाले; कधी कधी त्याच आठवड्याचा भाग त्याच आठवड्यात चित्रित होई आणि नटांच्या हाती संवादाचे सुटे कागद पडत. प्रेक्षकसंख्या चांगली असली तर भाग वाढवले जात. २००९ मधील ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ २४ ची २५ झाली आणि पार्क जी-उन यांचीच ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ २० ची २१. एक-दोन भागांची ही वाढ आपल्याला किरकोळ वाटेल, पण नेमक्या मापाने कापलेल्या कापडाला जोड दिला की तो दिसतोच. २०१६ मधील ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ ही मालिका मात्र प्रसारणाआधीच पूर्ण करण्यात आली, कारण ती चीनमध्ये त्याच वेळी दाखवायची होती आणि तिथल्या परवानगीसाठी सगळे भाग आगाऊ सादर करणे भाग होते. कोरियात कामाचे कमाल तास आठवड्याला ५२ वर आणणारा कायदा २०१८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला, तेव्हापासून आगाऊ चित्रीकरणाकडे कल आणखी वाढला.

भावुक प्रसंगात सँडविच कुठून येते?

कोरियात वाहिनी अनेकदा निर्मितीखर्चाचा काही भागच देते. उरलेला पैसा निर्मितीसंस्थेने परदेशी हक्क आणि जाहिरातीतून उभा करायचा असतो. जुन्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्ये जाहिराती दाखवायला जुलै २०२१ पर्यंत परवानगी नव्हती. त्यामुळे जाहिरात कथेतच शिरली. पैसे घेऊन वस्तू प्रसंगात वापरण्याच्या या प्रकाराला पीपीएल म्हणतात. २०१० मध्ये तो कायदेशीर झाला आणि वस्तूने पडद्याचा चौथ्या हिश्शापेक्षा जास्त भाग व्यापू नये, एकूण वेळेच्या पाच टक्क्यांहून अधिक वेळ ती दिसू नये, अशा मर्यादा घातल्या गेल्या. त्याआधी पात्रांच्या कपड्यांवरची चिन्हे चिकटपट्टीने झाकलेली दिसत.

म्हणून नायक-नायिका मनातले बोलायला विशिष्ट कंपनीच्याच सँडविचच्या दुकानात जातात आणि नैराश्यात बुडालेली माणसेही लाल जिनसेंग या औषधी मुळीच्या अर्काची पुडी फोडून पितात. याची कमाल ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’मध्ये झाली: चालत्या मोटारीत चुंबन घेता यावे म्हणून चालवणारा स्वयंचलित यंत्रणा सुरू करतो आणि स्टिअरिंग सोडून देतो. कोरियन प्रेक्षकांनीच त्याची यथेच्छ टिंगल केली. उलट ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मध्ये सोलला आलेले उत्तर कोरियाचे साधेभोळे सैनिक तळलेल्या कोंबडीवर तुटून पडतात, तीही जाहिरातच आहे, पण भुकेल्या माणसांपुढे अन्न ठेवल्यामुळे ती कथेला चिकटते. मला तरी जाहिरात असण्याचा राग येत नाही, ती उपरी वाटली की येतो.

‘हे सगळे खोटेच ना? असे पुरुष असतात कुठे?’

नसतात, आणि कोरियन स्त्रियांना ते आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत तिथे २०२२ मध्ये सुमारे ३१ टक्के होती, म्हणजे विकसित देशांच्या ओईसीडी या गटात सर्वाधिक. प्रतिस्त्री सरासरी अपत्यांचा दर २०२३ मध्ये ०.७२ इतका खाली आला होता. घराच्या किमती, नोकरीतले लांबलचक तास, मुलांच्या शिकवण्यांचा खर्च आणि संसाराचा बहुतेक भार स्त्रीवरच पडण्याची रीत, या सगळ्यांमुळे लग्नच नको म्हणणाऱ्या तरुणींची संख्या तिथे मोठी आहे. ज्या देशात खरे प्रेम आणि संसार एवढा महागडा झाला आहे, तिथल्या पडद्यावरचा नायक स्वयंपाक करतो, ऐकून घेतो आणि नायिकेच्या कामाचा मान राखतो, याचे नवल वाटू नये. ही मालिका समाजाचे छायाचित्र नव्हे. काय मिळत नाही त्याची ती यादी आहे.

श्रीमंत वारसाची परंपराही तशीच वाचावी. सॅमसंग, ह्युंदाई यांसारख्या कुटुंबांच्या ताब्यातील अवाढव्य उद्योगसमूहांचा तिथल्या अर्थव्यवस्थेवर पगडा आहे, आणि साध्या घरातल्या मुलीने त्या घरात पाऊल ठेवणे ही प्रेमकथेइतकीच वर्गाची कथा असते. पार्क जी-उन यांच्या २०२४ मधील ‘क्वीन ऑफ टिअर्स’मध्ये ती उलटी केली आहे. वारस मुलगी आहे, खेड्यातून आलेला वकील तिचा नवरा आहे, आणि श्राद्धाच्या दिवशी त्या बड्या घरातले जावई स्वयंपाकघरात राबतात. सुनेचा जाच पुरुषांच्या वाट्याला आणून दाखवलेला हा प्रसंग पाहताना मराठी प्रेक्षकाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

मनगट धरण्याला रोमान्स का म्हणायचे?

हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. नायिका निघून जात असताना नायकाने तिचे मनगट धरून फरफटत नेणे, भिंतीशी कोंडून चुंबन घेणे, तिचा नकार लाजेत मोजणे, हे सारे २००० च्या दशकातील मालिकांत सर्रास होते. ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ ही जपानी मांगावरून (चित्रकथेवरून) तैवान, जपान आणि कोरियात झालेली कथा घ्या. तिचा नायक आधी नायिकेचा शाळेत छळ मांडतो आणि नंतर तिच्या प्रेमात पडतो; या दोन गोष्टींतले अंतर मालिका दागिने आणि परदेशवारीने भरून काढते.

बदल किती झाला हे मोजायचे तर ह्युन बिन या एकाच नटाच्या दोन भूमिका शेजारी ठेवाव्यात. एमबीसीवर २००५ मध्ये ‘माय लव्हली साम सून’ ही मालिका आली. केक-पेस्ट्री बनवणारी, तिशीला टेकलेली, जाडसर बांध्याची आणि स्वतःच्या गावंढळ नावाला कंटाळलेली साम सून घर वाचवण्यासाठी पाच कोटी वॉन घेते आणि रेस्टॉरंटच्या मालकाची खोटी प्रेयसी होते. शेवटच्या भागाची प्रेक्षकसंख्या ५० टक्क्यांवर गेली होती. अशी नायिका तेव्हा क्रांतिकारक होती. नायक मात्र ओरडणारा, ओढून नेणारा आणि आपल्याच मर्जीने येणारा-जाणारा होता, आणि तोच लाखो मुलींना आवडला. चौदा वर्षांनी तोच नट बाजारात मेणबत्ती घेऊन उभा राहिला. अर्थात नट तोच असला तरी दोन्ही मालिकांच्या लेखिका वेगळ्या होत्या, आणि मधल्या काळात प्रेक्षकही वयाने व अनुभवाने वाढला होता. आजही मनगट धरणारे नायक येतात. फरक इतकाच की आता त्यावर आधी टीका कोरियातच होते.

आता चौकटच बदलते आहे

२०१६ मध्ये नेटफ्लिक्स कोरियात आले आणि पैशाचे गणित बदलले. जगभरच्या हक्कांची किंमत एकाच ठिकाणाहून मिळू लागली, जाहिरातीची सक्ती सैल झाली, आणि त्याबरोबर सोळा हा आकडाही. आता १२ भागांच्या मालिका सर्रास येतात. ऑफिसातल्या प्रेमाची गोष्ट सांगणारी ‘बिझनेस प्रपोजल’ २०२२ मध्ये बारा भागांत संपली आणि तेराव्या भागाचा कंटाळा येण्याचा प्रश्नच उरला नाही. मात्र सगळे भाग एका रात्रीत उपलब्ध होतात तेव्हा आठवडाभर वाट पाहण्यातली चर्चा, अंदाज आणि भांडणे संपतात, आणि प्रेमकथेला वाट पाहणे मानवते. टीव्हीएनवर आठवड्याला दोन भाग या जुन्या रीतीने आलेल्या ‘क्वीन ऑफ टिअर्स’ने शेवटच्या भागात २४.८५ टक्के प्रेक्षकसंख्या गाठून ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’चा विक्रम मोडला. खुद्द नेटफ्लिक्सनेही जेजू बेटावरच्या एका दांपत्याची आयुष्यभराची गोष्ट सांगणारी ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ ही मालिका मार्च २०२५ मध्ये सोळा भागांचीच केली आणि दर आठवड्याला चार-चार भाग देत महिनाभर पुरवली.

साम सूनच्या बाबतीत तर वेगळाच प्रयोग झाला. वेव्ह या कोरियन ओटीटीवर २०२४ मध्ये त्या मालिकेची नवी आवृत्ती आली. मूळ दिग्दर्शक किम युन-चोल यांनी सोळा भाग पुन्हा संकलित करून त्यांचे आठ केले, आणि नायकाचे आज खटकणारे वागणे शक्य तिथे कमी केले. आजच्या प्रेक्षकाला पटेल असा नायक संकलकाच्या टेबलावर तयार करता येतो, हे त्यातून दिसले. पण आठ भागांत साम सूनला त्याच्या प्रेमात पडायला वेळही निम्माच उरतो, आणि त्यासाठी मी जुनी, ओरडणाऱ्या नायकाची आवृत्तीच पाहणे पसंत करीन.